रुमालाखालचा भाव

मला कॉमर्सच्या कॉलेजात घालायचं अण्णांनी ठरवलं, तेव्हा सांगलीतल्या आमच्या पेठेत लोक बरेच दिवस हसत होते. वकिलाच्या पोरानं वकिली शिकावी, डॉक्टरच्या पोरानं डॉक्टरकी, हे त्यांना पटायचं. पण हळदीच्या अडत्याच्या पोरानं व्यापार शिकायला पदरचे पैसे भरून पुण्याला जायचं, म्हणजे अण्णांचं डोकं फिरलं याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ‘गादीवर बसवा की त्याला, फुकटात शिकंल,’ असं जो तो दुकानाची पायरी चढून सांगून जायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, नुसती मान हलवायचे. ते मराठी चौथी शिकलेले. पण लढाई सुरू झाली, कंट्रोल आला, आणि माल बाहेरगावी पाठवायचा तर इंग्रजीतले परवाने आले. असाच एक कागद समजून घ्यायला ते एका कचेरीत गेले होते. तिथल्या कारकुनानं त्यांना टेबलापुढं उभं ठेवलं. खुर्ची रिकामी होती, पण बसा म्हणाला नाही. घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, ‘नेमूला त्यो कागद वाचता आला पायजे.’ माझ्या उच्च शिक्षणाचा पाया हा असा घातला गेला. त्यात माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. मला बँकेत खुर्ची हवी होती, डोक्यावर पंखा हवा होता, आणि हळद नको होती.

हळद नको होती, कारण आमच्या घरात हळदीशिवाय दुसरं काही नव्हतं. पुढं दुकान, मध्ये वखार, मागं घर. वखारीतली पिवळी धूळ दाराला पडदा लावला तरी आत यायची. आईनं धुतलेलं पांढरं धोतर वाळेपर्यंत पिवळं व्हायचं. शिंकलं तरी रुमाल पिवळा. शाळेत मास्तर माझ्या पाटीला ‘हळदीकुंकू’ म्हणायचे. सीझनला पहाटेपासून गाड्यांची खडखड, मग आटपाडीकडून पोटासाठी आलेल्या हमालांचे आवाज, आणि काट्यावर तोलाऱ्याची ती संथ मोजणी. पहिल्या पोत्याला तो ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. मग दोन, मग तीन. तो आवाज आमच्या घरात इतका भरलेला असायचा की दुपारी तोलारी जेवायला गेला की आई स्वयंपाकघरातून डोकावून विचारायची, काय झालं म्हणून. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नियम. त्यामुळं शेवटचा सौदा झाला की अण्णांची धावपळ असायची. हातपाय धुऊन ते पाटावर बसत. ज्वारीची गरम भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, दही. सणाला हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर, वरून तुपाची धार. खाताना अण्णा बोलत नसत, पण एक भाकरी जास्त झाली की समजायचं, आज बाजार बरा झाला.

कॉलेजाचं म्हणाल तर ते तेव्हा नवंच होतं. कॉमर्स म्हणजे सायन्स झेपत नाही आणि कविता आवडत नाही अशा मुलांची सोय, असं आर्ट्सवाले उघड बोलायचे. वर्गात माझ्यासारखी पेठेतली मुलं थोडी. बाकी सगळे कारकुनांचे मुलगे, कारकुनापेक्षा एक पायरी वर जायला निघालेले. लढाईनं बँका वाढल्या होत्या, विमा कंपन्या वाढल्या होत्या, सरकारी खाती वाढली होती, आणि या सगळ्यांना हिशोब लिहिणारी माणसं हवी होती. आम्हाला लिव्हरपूलचा कापूसबाजार शिकवत, शिकागोचा गहू शिकवत. हळद कुठल्याच पुस्तकात नव्हती. प्राध्यापक टिपणं सांगत, आम्ही उतरवून घेत असू आणि परीक्षेला तेच परत लिहून येत असू. पुढं मी स्वतः आयुष्यभर कॉमर्स शिकवलं. माझ्या उतारवयात वर्गात बसायला जागा पुरत नव्हती, मुलं खिडकीत बसायची, आणि तीही टिपणंच उतरवून घ्यायची. तेव्हा मी त्या जुन्या प्राध्यापकांना हसायचा हक्क केव्हाच गमावला आहे.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तर जेवण झाल्यावर अण्णा ओसरीवर बैठक घालून बसले आणि म्हणाले, ‘वाच बघू काय शिकवत्यात.’ मला वाटलं, दोन दिवसांची हौस असेल. पण अण्णांनी रोजचा नेमच केला. मी इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. हुंडी, विमा, भागीदारी, बँकेचा दर. त्यांना सगळं ऐकायचं असे. मध्येच थांबवून ते असे प्रश्न विचारत की मला पुस्तक मागं-पुढं चाळावं लागे. मला त्याचा कंटाळा यायचा. परीक्षेला येणार नाहीत असे प्रश्न कुणाला हवे असतात? एकदा बाजारपेठेचं प्रकरण आलं. त्यात होतं की चांगल्या बाजारात भाव उघड असतो. विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, बघणाऱ्याला, सगळ्यांना तो ऐकू येतो. मी ते वाक्य वाचून पुढं गेलो. अण्णा म्हणाले, ‘मागं ये. परत सांग.’ मी परत सांगितलं. मग त्यांनी तेच तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

ते वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा का ऐकायचं होतं हे कळायला आमचा सौदा कसा व्हायचा ते सांगायला हवं. सौद्याच्या वेळी खरेदीदार सगळे मिळून एकेका अडत्याच्या दारी येत. शेतकऱ्याची पोती फोडलेली असत, हळकुंडांचा ढीग पुढं असे. अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकून बसायचा. एकेक खरेदीदार त्या रुमालाखाली हात घालायचा आणि अडत्याची बोटं धरून, दाबून आपला भाव सांगायचा. तोंडातून शब्द नाही. कुणी किती दाबलं ते दुसऱ्या खरेदीदाराला कळायचं नाही, आणि ज्याचा माल तो शेतकरी हातभर अंतरावर बसून नुसतं हलणारं फडकं बघायचा. सगळ्यांचे हात झाले की अडत्या मनाशी ठरवायचा, माल कुणाला दिला ते नाव घ्यायचा आणि भाव शेतकऱ्याला सांगायचा. सांगेल तो भाव. काही अडते यात काय करत हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अण्णा तसं करत नसत. त्यांच्या हातात जो भाव आला तोच त्यांच्या तोंडातून निघे, आणि म्हणून कुंडलपासूनच्या गाड्या वाटेतली चार दुकानं टाकून आमच्याकडे येत. या एका गोष्टीवर आमचं दुकान उभं होतं, घर उभं होतं, माझी पुण्याची खोली उभी होती.

त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, ‘नेमू, मी खरं सांगतो. पण मी खरं सांगतो हे त्याला कसं कळणार रं?’

मी म्हटलं, ‘विश्वास आहे ना त्यांचा तुमच्यावर.’

‘त्यो समोरच्या दुकानावर बी हाय. समोरचा तर बुडवतोय. फडकं त्याचंबी तसंच, माझंबी तसंच. मग माझ्यात नि त्याच्यात फरक काय दिसतो?’

मी पुस्तक मिटलं आणि झोप येतेय म्हणालो. त्या वाक्यानं त्यांच्या डोक्यात घर केलं होतं हे मला समजलं नाही, कारण माझ्या स्वतःच्या डोक्यात पुस्तकातलं काहीच कधी घर करत नसे.

उन्हाळ्यात परीक्षा देऊन आलो तेव्हा सीझन भरात होता. एके दिवशी सकाळी बाबूतात्याची गाडी आली. बाबूतात्या कुंडलचा शेतकरी, अण्णांच्याच वयाचा, वर्षानुवर्षं आमच्याकडे माल घालणारा. माल उतरवला की तोलाईची काळजी न करता गाडीखाली पटका डोक्याखाली घेऊन झोपणारा माणूस. त्याचा थोरला मुलगा पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला. त्या वर्षी तो मेल्याची तार आली होती. आम्हाला ते ठाऊक होतं. आईनं ताक पाठवलं. त्यानं भांडं हातात धरलं आणि तसंच ठेवलं. अण्णांनी विचारलं, ‘तात्या, माल बगितलासा न्हवं? औंदा रंग चांगला हाय.’ तात्या म्हणाला, ‘मी काय बगू? तुमी म्हणशीला त्यो भाव. सरकारनं तारंत लिवलं त्ये खरं मानलंच की म्या. तुमचं न्हाई मानायचं व्हय?’

तो रागानं बोलला नव्हता. टोमणाही नव्हता त्यात. पण अण्णांचा चेहरा पडला.

सौदा, म्हणजे खरेदीदारांचा घोळका, आला. पुढं देवाप्पाशेट. पेठेतला सगळ्यात मोठा खरेदीदार, वखारी मुंबईपर्यंत, बस्तीत म्हणजे आमच्या जैन मंदिरात पूजेला सगळ्यांच्या पुढं बसणारा. अण्णांच्या रुमालाखाली पहिला हात त्यांचा असायचा, हा मान ठरलेला. त्यांनी हात घातला, बोटं धरली, दाबली. आणि अण्णांनी दुसऱ्या हातानं रुमाल ओढून घेतला.

मला ते दृश्य अजून स्पष्ट दिसतं. भर दुपारी, लोकांच्या देखत, पन्नाशीचे दोन पुरुष एकमेकांची बोटं धरून बसलेले. कपडे ओढून घेतल्यासारखे देवाप्पाशेट दचकले, पण हात सोडायचं त्यांना सुचलं नाही. अण्णा म्हणाले, ‘शेटजी, आता त्येच तोंडानं सांगा. तात्याला ऐकू जाऊ द्या.’

कुणी हसलं नाही. तोलारी मोजता मोजता थांबला.

देवाप्पाशेटनी हात काढून घेतला. ‘अण्णा, रुमाल घाला,’ ते हळू म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजूत होती. ‘माझा भाव यांना कळला, यांचा मला कळला, की उद्या आमी एकमेकांच्या उरावर बसू. रुमाल हाय म्हणून पेठेत भांडान न्हाई. बाप-आज्यांनी काय खुळ्यागत केलंय व्हय हे?’

‘खुळ्यागत न्हाई. पर ज्याचा माल त्यालाच भाव ठावं नसावा, ह्ये मला आता पटंना.’

‘हे पुण्यासनं आलंय,’ देवाप्पाशेट माझ्याकडे बघत म्हणाले. मग उठले. त्यांच्यामागं एकेक करून सगळे उठले. आमच्या दारातून सौदा माल न घेता पुढं गेला, असं मी जन्मात प्रथमच बघत होतो. आणि मग जे झालं ते अण्णांना सगळ्यात जास्त लागलं. बाबूतात्या उठून अण्णांच्या पायाशी आला आणि म्हणाला, ‘अण्णा, घाला की त्ये फडकं. माझ्याच मालावर कशापायी ही पाळी आणलीसा? मी कवा तुमास्नी भाव इचारला व्हता?’ अण्णांची कल्पना होती की शेतकऱ्यांना आनंद होईल. पुस्तकात तसंच होतं. तात्याचा माल आमच्या वखारीत राहिला. तो रिकामी गाडी घेऊन कुंडलला गेला, ‘तुमी सांगशीला तवा येतो,’ म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावरून सौदा सरळ पुढं जाऊ लागला. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. चालता चालता लोक नमस्कारसुद्धा करत, पण पायरी चढत नसत. अण्णा रोज धुतलेला सदरा घालून, हळदीचा ढीग पुढं ठेवून बसत. रुमाल खांद्यावर. आधी गाड्या आल्या, मग बातमी गावोगाव पोचली तशा कमी झाल्या, मग समोरच्या दुकानी जाऊ लागल्या. ज्या दुकानाचा मालक बुडवतो असं अण्णा म्हणाले होते, त्याच. हमाल काही दिवस पायरीवर बसून राहिले, नंतर पोटामागं गेले. त्यांनाही दोष देता येत नाही. तोलारी तेवढा येत राहिला आणि रिकाम्या काट्याजवळ तंबाखू मळत बसू लागला. घर शांत झालं. वखारीची धूळ बसली, धोतरं पांढरी राहू लागली, आणि ती वाळत घालताना आई रडायची.

मला आईची कीव आली, अण्णांचा राग आला आणि स्वतःची काळजी वाटली, खरं तर या शेवटच्याच गोष्टीनं झोप लागेना. जूनमध्ये कॉलेज उघडणार, फी भरायची, खोलीचं भाडं भरायचं. एके संध्याकाळी मी अण्णांना म्हणालोच, ‘अण्णा, ते सगळं परीक्षेपुरतं असतं.’

‘काय परीक्षेपुरतं?’

‘पुस्तकातलं. भाव उघड असावा वगैरे. ते लिहायचं असतं. करायचं नसतं कुणी.’

अण्णांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. ‘मग खोटं शिकवत्यात व्हय तुमास्नी?’

‘खोटं नाही…’

‘खोटं न्हाई तर खरं हाय. मग खरं कराया नगं?’ ते खरोखरच विचारत होते. वर्गात कुणीच असला प्रश्न विचारत नसे, आणि पुढं मी शिकवू लागल्यावर मलाही कुणी विचारला नाही.

आई मला घेऊन साताऱ्याला मामांकडे गेली. पेट्रोल मिळत नसल्यानं कोळशाच्या धुरावर चालणारी ती लढाईच्या दिवसांतली मोटार, चढ आला की आम्ही उतरून चालायचं. मामा कोर्टात एका वकिलाकडे कारकून होते. साताऱ्यात त्यांना चार लोक ओळखत आणि ते चारही जण त्यांना सल्ल्यासाठी भेटत, असं ते स्वतःच सांगत. मामीनं पुरणपोळी केली, कारण नणंद माहेरी आली होती, आणि ती पुरणपोळी आईनं ताटात तशीच ठेवली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, ‘कॉमर्स शिकावं, नेमू. पुढं दिवस त्याचेच आहेत. पण शिकलेलं घरात कशाला आणायचं?’ माझ्या एका वर्षाची सोय करू म्हणाले. मग थांबले. ‘पण अण्णांना सांग, रुमाल घाला. पोरगं शिकायचं असलं तर बापानं शिकू नये.’ आई हसली नाही. तिला ते विनोदाचं वाटलं नाही, आणि मला आज वाटत नाही.

परत आल्यावर आई एकटीच बस्तीत गेली आणि देवाप्पाशेटच्या बायकोशी बोलली. पुरुषांचं अडलं की बायका देवळाच्या ओवरीत बसून रस्ता काढायच्या, ही आमच्याकडची जुनी वाट. रस्ता निघाला. अट एकच. सगळ्या पेठेसमोर अण्णांनी परत रुमाल घालायचा, पहिला हात देवाप्पाशेटचा घ्यायचा, आणि तोही बाबूतात्याच्याच मालावर. जिथं मोडलं तिथंच जोडायचं. निरोप ऐकून अण्णा ओसरीवर बसून राहिले. आईनं त्यांना एवढंच सांगितलं, ‘पोराचं कालेज उघडतंय.’ ज्या कॉलेजानं त्यांच्या डोक्यात ते वाक्य घातलं, त्याच कॉलेजाच्या फीसाठी त्यांना ते काढून टाकायचं होतं. अण्णा म्हणाले, ‘तात्याला सांगावा धाडा.’

मध्ये एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर ती शेवटी सांगायचा मोह होईल. पुढं सांगलीचं संस्थान गेलं, नवा कायदा आला, आणि आमच्या बाजारात उघड लिलाव सुरू झाले. तेच खरेदीदार, तेच अडते, एका सीझनमध्ये घसा फोडून ओरडायला शिकले. कुणी कुणाच्या उरावर बसलं नाही. अण्णा तेव्हा नव्हते. देवाप्पाशेटचा नातू पुढं माझ्या वर्गात होता, हुशार मुलगा, बाजारपेठेच्या प्रश्नात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्याचे गुण मीच दिले. मला कुणी विचारतं, कॉमर्सच्या शिक्षणानं या भागाचं काय भलं झालं, तेव्हा मी बँकांची, सहकारी कारखान्यांची नावं घेतो. ती खरीच आहेत. अण्णांचं नाव मी घेत नाही. ते कुठल्याही वर्गात बसले नव्हते.

तर बाबूतात्या आला. पेठ जमली. अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. देवाप्पाशेट पायरी चढून आले, बसले, त्यांनी हात आत घातला. ते फडकं किती वेळ हललं कोण जाणे, मला तो वेळ फार वाटला. अण्णा रुमालाकडे बघत नव्हते, शेटजींकडेही नाही, हळदीच्या ढिगाकडे बघत होते. मग दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचा. सगळे झाले. कुणीतरी ‘झालं बघा!’ म्हणालं, आणि देवाप्पाशेटनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. अण्णांनी देवाप्पाशेटचं नाव घेतलं, आणि तात्याकडे वळून भाव सांगितला.

भाव कमी होता. मधल्या दिवसांत बाजार उतरला होता, आणि आमचा माल पडून राहिलेला हेही सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांच्या बोटांत जेवढं आलं तेवढंच त्यांनी सांगितलं, याची मी आज या वयात शपथ घ्यायला तयार आहे. कमी सांगायचं सोडा, त्या दिवशी त्यांनी स्वतःची अडत, म्हणजे दलालीसुद्धा लावली नाही, हे मला नंतर आईकडून कळलं.

तात्या खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली. आजवर तो अण्णांच्या तोंडाकडे असं बघत नसे. बघायची गरजच पडली नव्हती. रुमाल ओढला त्या दुपारी अण्णांनीच त्याला शिकवलं होतं की फडक्याखाली काय होतं ते शेतकऱ्याला कळायला हवं. साऱ्या पेठेसमोर शिकवलं होतं. आणि आता तेच अण्णा फडकं घालून बसले होते.

‘एवढाच झाला, अण्णा?’ तात्या म्हणाला. ‘खरं?’

अण्णांचे ओठ हलले. समोर पेठ होती, मागं दारात आई होती, बाजूला मी होतो. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. जे होतं ते रुमालाखाली होतं आणि ते आता कुणालाच दाखवता येत नव्हतं. ‘व्हय, तात्या,’ ते म्हणाले. ‘खरं.’

‘बरं,’ तात्या म्हणाला.

पेठ पांगली. माल काट्यावर गेला, तोलाऱ्यानं ‘लाभ’ म्हणून मोजायला सुरुवात केली. तात्या गाडीखाली झोपायला गेला नाही. तो उठून काट्याला लागून उभा राहिला आणि प्रत्येक पोत्याला ओठांतल्या ओठांत तोलाऱ्याबरोबर मोजू लागला. ऊन त्याच्या तोंडावर होतं. अण्णा आत जाऊन स्वतः तांब्या भरून घेऊन आले आणि त्याच्यापुढं धरून उभे राहिले. काट्यावरची नजर न काढता तात्या म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या, अण्णा. आधी माल होऊ द्या.’ अण्णा तांब्या धरून तसेच उभे राहिले, शेवटचं पोतं उतरेपर्यंत.